अवजार आपलं, यंत्र कुणाचंही



स्मृतिव्याख्यानमालेत साहित्य, संगीत, इतिहास असे विषय शोभतात. हुबळी-धारवाडच्या या जोडशहरात तर ते अधिकच शोभतात. जी. ए. कुलकर्णी इथे धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे याच मातीत कन्नडचे वरकवी झाले. मल्लिकार्जुन मन्सूर इथले, गंगूबाई हनगल इथल्या. अशा गावात संध्याकाळच्या वेळी कुणी पेन ड्राइव्हवर आणि व्हिडिओ संकलनावर बोलायला उभा राहिला, तर मागच्या रांगेत भुवया उंचावणारच. तरीही मी हा विषय ठरवून घेतला आहे, आणि आजच्या मालेशी त्याचं नातं आहे असं मला मनापासून वाटतं.

आपण आज कुणाच्या तरी स्मृतीसाठी जमलो आहोत. मग मला सांगा, आपल्या घरातल्या माणसांची स्मृती आज कुठे साठते आहे? वहीत? फोटोंच्या अल्बममध्ये? खरं उत्तर आहे, फोनमध्ये. आजीच्या ओव्या, काकांनी सांगितलेली बदलीची हकीकत, मंडळाचं नाटक, देवळातलं कीर्तन, निवृत्त होणाऱ्या बाईंचा शेवटचा तास, सगळं फोनमध्ये. चित्रीकरण भरपूर झालं आहे, संकलन मात्र झालेलं नाही. दीड तासाचा, हललेला, मध्येच अंधारलेला व्हिडिओ कोण बघतो? कुणी बघत नाही. आणि जे कुणी बघत नाही ते एक दिवस फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून पुसलं जातं. मोठ्या कलावंतांचे आवाज आकाशवाणीने जपले. धारवाड केंद्र १९५० पासून उभं आहे. पण आपल्या आजीचा आवाज कोण जपणार? ते काम आपलंच आहे, आणि त्यासाठी हातात अवजार लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याच्याजवळ स्वतःचा संगणक नाही, त्याच्याजवळही स्वतःचं अवजार असलं पाहिजे. आज ते शक्य आहे, कायद्याने शक्य आहे, आणि त्यासाठी लागतो तो बोटाएवढा यूएसबी ड्राइव्ह. हे मी चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा: अवजार कुणाच्या हातात?

आपल्या भागातला चित्रपटाचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या वेळी कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं कामही घरीच होई, आणि ते सरस्वतीबाई फाळके करत. स्वयंपाकघर सांभाळून त्या अंधाऱ्या खोलीत फिल्म हाताळत होत्या. फाळक्यांचा कारखाना आधी त्यांच्या घरात उभा राहिला, मग जगाला दिसला.

आता इथून दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या कोल्हापूरला चला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी ध्यास सोडला नाही. १९१८ साली त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. ज्याला अवजार मिळत नाही त्याने ते घडवावं, ही कोल्हापूरची शिकवण आहे.

तिसरं गाव मालेगाव. यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. मोठी यंत्रसामग्री नव्हती. कॅमेरा फिरवायला सायकल होती आणि संकलनाला व्हिडिओ पार्लरमधले व्हीसीआर होते. एका व्हीसीआरवर चालवायचं, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवायचं, आणि चुकलं की पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून. त्या गावावर २००८ साली आलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जगभर पाहिला गेला.

या तिघांच्या काळात अडसर कॅमेऱ्याचा आणि फिल्मचा होता. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. मग अडसर कुठे सरकला? तो संकलनाच्या टेबलाशी येऊन बसला आहे. व्यावसायिक सॉफ्टवेअर महिन्याच्या नाहीतर वर्षाच्या भाड्यावर मिळतं. ते चालवायला घरी संगणक लागतो. घरी नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये जावं, तर तिथे इन्स्टॉल करायला ॲडमिन पासवर्ड लागतो, आणि तो आपल्याला मिळत नाही. मिळाला तरी काय? अनेक लॅबमधले संगणक बंद करून चालू केले की पूर्ववत होतात. काल टाकलेलं सॉफ्टवेअर आज सकाळी नसतं. विद्यार्थ्याने काय करावं? सायबर कॅफेत तासावर बसणाऱ्याने काय करावं? वाचनालयातल्या एकुलत्या संगणकावर मंडळाचा व्हिडिओ जोडणाऱ्या कार्यकर्त्याने काय करावं?

या प्रश्नांचं उत्तर आहे पोर्टेबल सॉफ्टवेअर, आणि इथे मी दुसऱ्या मुद्द्याकडे येतो: पोर्टेबल म्हणजे नेमकं काय?

धारवाडच्या श्रोत्यांना हे सांगायला मला एकच दाखला पुरेसा वाटतो. गवई बैठकीला जातो तेव्हा आपला तंबोरा घेऊन जातो. घर यजमानाचं, गालिचा यजमानाचा, तंबोरा आपला. बैठक संपली की तंबोरा गवसणीत, आणि यजमानाचं घर जसं होतं तसं. पोर्टेबल सॉफ्टवेअरचं वागणं असं असतं. संगणक दुसऱ्याचा, त्याचा प्रोसेसर, त्याची मेमरी, त्याचा पडदा आपण वापरतो. पण सॉफ्टवेअर, त्याची सेटिंग्ज आणि आपलं काम आपल्या ड्राइव्हवर राहतं.

साधारण सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतं म्हणजे काय होतं? त्याच्या फाइली संगणकात दोन-चार ठिकाणी पसरतात आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदी पडतात. पोर्टेबल सॉफ्टवेअर एका फोल्डरमध्ये सगळं बाळगतं. झिप उघडायची, फोल्डर ड्राइव्हवर ठेवायचा, आतल्या फाइलवर डबल क्लिक करायचं. एवढंच. ही कल्पना रूढ करण्यात जॉन हॅलर यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी २००४ साली फायरफॉक्स ब्राउझर पेन ड्राइव्हवरून चालेल असा करून दाखवला आणि पुढे असा मोठा संग्रहच उभा केला.

संकलनापुरतं बोलायचं तर एव्हरी ली यांचं व्हर्च्युअलडब हे छोटेखानी सॉफ्टवेअर फार पूर्वीपासून इन्स्टॉल न करता चालत आलं आहे. आज शॉटकट आहे. त्याची विंडोजसाठीची पोर्टेबल झिप मिळते. केडेनलाइव्ह आहे; त्याचीही इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. लिनक्सवर शॉटकट आणि केडेनलाइव्ह ॲपइमेज या एका फाइलीच्या रूपात मिळतात. ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. फुकट आहेत, शिवाय वापरायचा, वाटायचा, आत डोकावून बदलायचा हक्कही परवान्यानेच दिलेला आहे. मित्राला कॉपी दिली तर ती चोरी ठरत नाही. हा हक्क मला फुकटपणापेक्षा मोठा वाटतो.

दोन बारकावे मात्र नीट समजून घ्या, कारण नेमकं इथेच काम अडतं. पहिला असा, की इन्स्टॉल न करता चालणारं प्रत्येक सॉफ्टवेअर पूर्ण पोर्टेबल असतंच असं नाही. काही सॉफ्टवेअर झिपमधून चालतात, पण सेटिंग्ज यजमान संगणकावर लिहून ठेवतात. शॉटकटमध्ये 'ॲप डेटा डिरेक्टरी' बदलण्याची सोय आहे. ती एकदा आपल्या ड्राइव्हकडे वळवली की सेटिंग्ज सोबत येतात. दुसरा बारकावा ड्राइव्हच्या अक्षराचा. आपला ड्राइव्ह एका संगणकावर 'ई' असतो, दुसऱ्यावर 'एफ'. प्रोजेक्ट फाइलीत व्हिडिओ राहत नाही; तो कुठे आहे याचा पत्ता फक्त राहतो. पत्त्यात 'ई' लिहिलं असेल आणि आज ड्राइव्ह 'एफ' असेल, तर टाइमलाइनवरचे सगळे तुकडे हरवतात. उपाय सोपा आहे. प्रोजेक्ट फाइल आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे. मग शॉटकट पत्ता त्या फोल्डरपासून मोजतो आणि अक्षर बदललं तरी काम उघडतं. म्हणून प्रत्येक कामाला एक फोल्डर, त्यात मूळ व्हिडिओ, आवाज, फोटो, फॉन्ट आणि प्रोजेक्ट फाइल. ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

तिसरा मुद्दा मर्यादांचा. ज्या अवजाराची मर्यादा माहीत नसते ते ऐनवेळी दगा देतं.

हिशेब करू. फोनवरचा चांगला व्हिडिओ सेकंदाला १६ मेगाबिटचा धरा. म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट, मिनिटाला १२०, तासाला सुमारे ७.२ गीगाबाइट. आता नवा कोरा पेन ड्राइव्ह अनेकदा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ गीगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणजे सलग चित्रीकरण ३४-३५ मिनिटांच्या पुढे गेलं की ती फाइल ड्राइव्हवर उतरतच नाही. ड्राइव्हवर जागा मोकळी दिसते आणि संगणक म्हणतो फाइल मोठी आहे. माणूस गोंधळून ड्राइव्हलाच दोष देतो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलं की ही अडचण संपते. पण आधी आतला मजकूर दुसरीकडे काढून ठेवा, कारण फॉरमॅट सगळं पुसतं.

वेगाचंही तसंच. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. स्वस्त पेन ड्राइव्ह लिहिताना त्याच्या जवळपासही जात नाही. सेकंदाला १० मेगाबाइट मिळाले असं धरलं, तरी तासाभराचं चित्रीकरण उतरवायला १२ मिनिटं जातात. आणि संकलन करताना सॉफ्टवेअर इथून थोडं, तिथून थोडं असं सतत वाचत असतं. तिथे पेन ड्राइव्हची दमछाक होते. चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो. मग काय करावं? शक्य असेल त्याने यूएसबीला जोडायची छोटी एसएसडी घ्यावी, ३.० पोर्टमध्ये ती कितीतरी पट वेगाने चालते. आणि ज्याच्याजवळ पेन ड्राइव्हच आहे त्याने प्रॉक्सी वापरावी. प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी, लहान आकाराची प्रत. कापाकापी त्या प्रतीवर करायची, आणि शेवटी एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ व्हिडिओ घेतं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या दोन्हींत ही सोय आहे. जुन्या लॅबमधल्या जुन्या संगणकावरही प्रॉक्सीने काम सुरळीत चालतं.

आता या यंत्रावर प्रत्यक्ष काम कसं होतं, ते एकदा जवळून पाहू. समजा, केश्वापुरातल्या एका नातीने आजीच्या ओव्या बावीस मिनिटं रेकॉर्ड केल्या आहेत. आजी एक ओवी म्हणते, थांबते, "अगं, पुढचं काय बरं?" म्हणते, कुकरची शिट्टी होते, मग पुढची ओवी येते. नात लॅबमध्ये बसते, ड्राइव्ह लावते, फाइल टाइमलाइनवर ओढते. शिट्टी कापते. आजीचं "पुढचं काय बरं?" कापायचं का? इथे संकलन म्हणजे काय ते कळतं. सगळीकडून विसरणं काढून टाकलं तर आजी उरत नाही, नुसत्या ओव्या उरतात. नात एके ठिकाणी ते वाक्य ठेवते. कट कुठे द्यायचा? ओवी संपल्या क्षणी दिला तर झटका बसतो. आजी श्वास घेते त्याच्या जरा आधी दिला की पुढची ओवी तिच्याच श्वासाने सुरू होते. दोन तुकड्यांमध्ये खोलीचा रिकामा आवाज थोडा ठेवला की जोड कळत नाही. बावीस मिनिटांची नऊ झाली. ही नऊ मिनिटं घरातलं प्रत्येक माणूस बघेल, पुण्यातली आत्या बघेल, परदेशातला मामेभाऊ बघेल. ओव्यांची किंमत मला वेगळी सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि त्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पण कर्नाटकातल्या मराठी घरातली ओवी, जिच्यात मधूनच एखादा कन्नड शब्द सहज येऊन बसतो, ती आपण नाही तर कोण जपणार?

याच ठिकाणी लिपीचा प्रश्न येतो. आपल्या गावात शीर्षक दोन लिप्यांत हवं, देवनागरीत आणि कन्नडात. घरी सुंदर दिसणारं शीर्षक लॅबमध्ये उघडलं की चौकोन दिसतात, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. कधी वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटतं. म्हणून फॉन्ट ड्राइव्हवर ठेवा, युनिकोड ठेवा, मुक्त परवान्याचा ठेवा. नोटो कुटुंबात देवनागरीही आहे, कन्नडही आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेलं बलू हे फॉन्ट-कुटुंबही दोन्ही लिप्यांत मिळतं, त्यामुळे एकाच वळणाची दोन नावं शेजारी शोभतात. आणि जिथे फॉन्ट घालायची परवानगीच नाही, तिथे शीर्षक आधी घरी चित्र म्हणून तयार करा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल करा आणि ती टाइमलाइनवर ठेवा. चित्राला फॉन्ट लागत नाही.

चौथा मुद्दा सचोटीचा आणि स्वच्छतेचा. यावर मी थोडं कडक बोलणार आहे.

'पोर्टेबल' या नावाखाली बाजारात एक दुसराच माल फिरतो. महागड्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून, एका फाइलीत कोंबून, "पोर्टेबल आहे, इन्स्टॉलची गरज नाही" म्हणून तो हातोहात दिला जातो. विद्यार्थ्यांनो, तो घेऊ नका. ती चोरी आहे, हे एक कारण. ज्याने कुलूप तोडलं त्याने आत काय ठेवलं हे तुम्हाला दिसत नाही, हे दुसरं. आणि तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: आता गरजच उरलेली नाही. मुक्त सॉफ्टवेअर हजर असताना चोरीचं अवजार कशासाठी? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या.

पेन ड्राइव्ह रोगही वाहतो. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम यूएसबी ड्राइव्हमधूनही पसरत होता. इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकांपर्यंत तो पोचला. त्याआधीच्या कॉनफिकरनेही हीच वाट वापरली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने २०१७ साली 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं साधन दिलं ते याच काळजीपोटी. म्हणून दहा संगणकांवर फिरणारा ड्राइव्ह प्रत्येक वेळी तपासून घ्या. काम झाल्यावर नीट 'इजेक्ट' करा. लिहिणं चालू असताना उपटलेला ड्राइव्ह प्रोजेक्ट फाइल खराब करतो. आणि यजमानाची परवानगी घ्या. पोर्टेबल सॉफ्टवेअर ॲडमिन पासवर्डशिवाय चालतं, याचा अर्थ न विचारता चालवावं असा होत नाही. लॅबच्या सरांना विचारा, ग्रंथपालांना विचारा. काय चालवतो आहोत ते दाखवा.

आणि बॅकअप. पेन ड्राइव्ह ही कामाची जागा आहे. ती तिजोरी समजू नका. तो हरवतो, पँटच्या खिशातून धुण्यात जातो, वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातली माहितीही क्षीण होऊ शकते. नियम जुना आणि साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. नऊ मिनिटांची फिल्म झाली म्हणून बावीस मिनिटांचं मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. तेही ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला तुम्ही कापलेलंच हवं असेल.

मित्रहो, समारोपाकडे येतो. फाळके, बाबूराव, मालेगाव यांच्याकडून आपण शिकलो की अवजार हातात आल्याशिवाय आपली गोष्ट आपल्याला सांगता येत नाही. पोर्टेबल सॉफ्टवेअरने ते अवजार संगणकाच्या मालकीपासून सोडवलं. त्याच्या मर्यादा आहेत, पण त्या समजून काम करता येतं. आणि सचोटी व स्वच्छता पाळली तर कुणाचीही भीती बाळगायचं कारण नाही.

हे दिवास्वप्न वाटत असेल तर केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजलं आहे. २०१८ पासून 'लिटल काइट्स' या शालेय गटांतली मुलं शाळेचे कार्यक्रम स्वतः चित्रित करतात आणि संकलितही करतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे पाठ मराठीत आणि कन्नडात ऐकता येतात. भाषेची अडचण उरली नाही, पैशाची उरली नाही. उरला आहे तो फक्त आरंभ.

म्हणून या सभागृहाला माझ्या तीन विनंत्या आहेत. इथल्या मराठी मंडळांनी आणि वाचनालयांनी एक आदर्श ड्राइव्ह तयार करावा: त्यात शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही लिप्यांचे फॉन्ट, फोल्डरांचा नमुना आणि वापरायच्या सूचना मराठीत व कन्नडात. कुणीही यावं, आपल्या ड्राइव्हवर त्याची प्रत करून घेऊन जावं. परवाना त्याला मोकळीक देतो. दुसरी विनंती शाळा-कॉलेजांना. लॅबचे संगणक सुट्टीच्या दिवशी दोन तास अशा कामासाठी उघडे ठेवा, आणि ज्याला येतं त्याने शेजारी बसून दुसऱ्याला शिकवावं. तिसरी विनंती इथे बसलेल्या प्रत्येकाला. घरातलं सर्वांत वृद्ध माणूस कोण ते आठवा, आणि या महिन्यात त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. नातवंडांना ड्राइव्ह द्या, ती संकलन करतील. पुढच्या वर्षी या मालेत एक संध्याकाळ अशा दहा-दहा मिनिटांच्या फिल्मसाठी राखून ठेवावी, असं मी अध्यक्षांना इथूनच सुचवतो. तयारीला वर्ष आहे. पण आपली वृद्ध माणसं वर्षभर थांबतीलच असं नाही. म्हणून सुरुवात याच रविवारी करा.